डॉक्टर कोण होतंय याचा पेशंटशी थेट संबंध आहे

पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, कोविडनंतर सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. त्याच्या आत दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, आणि समोरच्या बाजूला सेन्सर. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं आणि त्यावरून मशीन आकडा काढतं. पण रक्तापर्यंत पोचायच्या आधी प्रकाशाला त्वचेतून जावं लागतं, त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि गडद त्वचेवर मशीनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी हे आकड्यांत मांडलं. मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त काढून तपासलं तर ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली निघाला, असं गोऱ्या पेशंटच्या बाबतीत ३.६ टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीय पेशंटच्या बाबतीत ११.७ टक्के वेळा. कोविडमध्ये कोणाला ॲडमिट करायचं, कोणाला ऑक्सिजन लावायचा, कोणाला घरी पाठवायचं हे याच आकड्यावर ठरत होतं, हे लक्षात घ्या.

आणि ही काही नव्याने कळलेली गोष्ट नव्हती. १९९० सालीच व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात हे छापून आलं होतं. मधली तीस वर्षं मशीन तसंच विकलं गेलं, हॉस्पिटलांनी तसंच वापरलं. अमेरिकेच्या औषध नियामकाचा २०१३ चा नियम काय होता, तर टेस्ट किमान १० लोकांवर करा आणि त्यात गडद त्वचेचे किमान २ जण किंवा एकूणाच्या १५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढे घ्या. दोन माणसं! जास्त लोकांवर आणि त्वचेच्या सगळ्या छटांवर टेस्ट करा असं सांगणारा नवा मसुदा आला तो जानेवारी २०२५ मध्ये.

मी इथून सुरुवात केली कारण डॉक्टरांमध्ये विविधता असावी की नाही हा वाद सुरू झाला की तो लगेच सीटांवर येतो. कोणाची सीट गेली, कोणाला मिळाली, कोणावर अन्याय झाला. हा वाद खोटा आहे असं मी म्हणत नाही, एका सीटसाठी मुलं वर्षानुवर्षं जीव तोडून अभ्यास करतात, त्यांचं दुःख खरंच असतं. पण मेडिकल कॉलेजची सीट हे कुणाला दिलेलं बक्षीस नाही, समाजाला पुढची चाळीस वर्षं लागणारा एक माणूस तयार करायची ती जागा आहे. त्यामुळे त्या जागेवर कोण बसणार याचा हिशोब पेशंटच्या बाजूने मांडायला हवा, आणि तसा मांडला की उत्तर मला तरी अगदी स्पष्ट दिसतं: एकाच प्रकारच्या घरांतून आलेल्या डॉक्टरांचं वैद्यकशास्त्र कच्चं राहतं.

का कच्चं राहतं, तर प्रश्न विचारणारं कोणी नसतं म्हणून.

किडनीचंच बघा. किडनी किती काम करते हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, मोजतात आणि तो आकडा एका फॉर्म्युल्यात घालतात. अमेरिकेत १९९९ पासून वापरात आलेल्या या फॉर्म्युल्यांमध्ये वय असायचं, पुरुष की स्त्री हे असायचं, आणि पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तर एका आकड्याने गुणायचं अशी सोय होती. २००९ च्या फॉर्म्युल्यात तो आकडा १.१५९ होता, म्हणजे तेच क्रिएटिनिन, तेच वय, पण किडनी साधारण १६ टक्के जास्त चांगली आहे असं कागदावर यायचं. कारण काय दिलं जायचं, तर कृष्णवर्णीय लोकांमध्ये स्नायू जास्त असतात. आई एका वंशाची आणि वडील दुसऱ्या वंशाचे असतील तर काय करायचं याचं उत्तर फॉर्म्युल्यात नव्हतं. आता याचा परिणाम बघा, तिकडे ट्रान्सप्लांटच्या लिस्टवर वेटिंगची वर्षं मोजायला हा आकडा २० किंवा त्याखाली यावा लागतो, म्हणजे ज्याचा आकडा कागदावर फुगवलेला तो लिस्टवर उशिरा जाणार आणि किडनी उशिरा मिळणार, किंवा मिळायच्या आधीच तो दगावणार.

हजारो हुशार किडनीतज्ज्ञांनी हा गुणाकार वर्षानुवर्षं केला. ते वाईट लोक नव्हते, त्यांना शिकवलं होतं तसं ते करत होते. मग वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी हात वर करून विचारायला सुरुवात केली की वंश हा काही रक्तात मोजता येणारा पदार्थ नाही, मग तो फॉर्म्युल्यात कशाला? यात कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि डॉक्टर पुढे होते, त्यांच्या स्वतःच्या घरातली माणसं या आकड्यावर तोलली जात होती ना. एकेका हॉस्पिटलने तो गुणाकार काढून टाकला, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या किडनीच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून वंश न घेणारा फॉर्म्युला वापरा असं सांगितलं, आणि २०२३ पासून लिस्टवरच्या कृष्णवर्णीय पेशंटची जुनी वेटिंगची वर्षं दुरुस्त करून द्यायला सुरुवात झाली. विज्ञान स्वतःची चूक सुधारतं असं आपण म्हणतो, पण ते आपोआप नाही सुधारत, ज्याला ती चूक बोचते असा कोणीतरी त्या खोलीत असावा लागतो.

आता विश्वासाचा मुद्दा. यावर मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा आहे, तीन संशोधकांनी केलेला आणि २०१९ मध्ये छापून आलेला. न्हाव्याच्या दुकानांतून आणि जुन्या बाजारांतून कृष्णवर्णीय पुरुषांना गाठून एका क्लिनिकमध्ये फुकट तपासणीला बोलावलं, ६०० च्या वर पुरुष आले. प्रत्येकाच्या हातात टॅबलेट दिला, त्यावर त्याला मिळणार असलेल्या डॉक्टरचा फोटो होता, आणि विचारलं की बीपी, वजन, शुगर, कोलेस्टेरॉल, फ्लूची लस यातलं काय काय करून घेणार? कोणाला कोणता डॉक्टर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. फोटो बघून निवडताना फरक पडला नाही. मग डॉक्टर प्रत्यक्ष खोलीत आला, बोलला, आणि पेशंटला मत बदलायची मोकळीक होती. इथे फरक पडला, डॉक्टर कृष्णवर्णीय असेल तर पुरुषांनी जास्त तपासण्या करून घेतल्या, आणि जिथे सुई टोचायची होती, रक्त द्यायचं होतं, तिथे हा फरक जास्त ठळक होता. म्हणजे जे काही घडलं ते त्या समोरासमोरच्या बोलण्यात घडलं. संशोधकांचा हिशोब असा की याच प्रमाणात सगळीकडे झालं तर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पुरुषांमधली हृदयविकाराच्या मृत्यूंची दरी १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्या बाजूचा प्रत्येक अभ्यास डोक्यावर घेऊन नाचायची सवय वाईट आहे. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या जन्मांवरचा एक अभ्यास फार गाजला, कृष्णवर्णीय बाळाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला तर बाळ दगावण्यातली दरी निम्म्यावर येते असा. तो कोर्टापर्यंत पोचला, भाषणांमध्ये वापरला गेला. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती परत तपासली, अतिशय कमी वजनाची बाळं वेगळी धरली, आणि तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला, कारण सगळ्यात नाजूक बाळं मुळात जास्त करून गोऱ्या डॉक्टरांकडे जात होती. तेव्हा हा अभ्यास आता वापरू नये. ‘आपल्यासारखाच डॉक्टर मिळाला की पेशंट वाचतो’ इतकं सरळ काही नसतंच. आणि प्रत्येकाला आपल्या जातीचा, वंशाचा, भाषेचा डॉक्टर द्या असं तर मी अजिबात म्हणत नाहीये, ते झालं तर भयंकर होईल. मला हवंय ते हे की डॉक्टरांच्या जमातीतच सगळ्या प्रकारची माणसं असावीत, म्हणजे ते एकमेकांकडून शिकतील, एकमेकांना टोकतील, आणि कुठलाही पेशंट कुठल्याही डॉक्टरपुढे बसला तरी त्याला परकं वाटणार नाही.

मग मेरिटचं काय, हा प्रश्न येतोच. आलाच पाहिजे.

२०१८ मध्ये टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीचं प्रकरण बाहेर आलं. तिथे प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क गुपचूप कमी केले जात होते, एक-दोनदा नाही तर बरीच वर्षं, का तर बायका लग्न करतात, मुलं होतात, नोकरी सोडतात, मग हॉस्पिटल कोण चालवणार. चौकशीत आणखीही कॉलेजं सापडली. या कॉलेजांच्या दारावरही मेरिटचीच पाटी होती बरं का. नंतर नजर ठेवली जायला लागली आणि २०२१ च्या प्रवेशांमध्ये जपानभरात मेडिकलला पास होण्याचं मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित जास्त निघालं, १३.६० आणि १३.५१ टक्के. मुली तीन वर्षांत अचानक हुशार झाल्या का? त्या आधीपासूनच हुशार होत्या, मध्ये हात घालणारे बाजूला झाले एवढंच.

दार कसं बंद होतं याचं याहून मोठं उदाहरण १९१० चं आहे. अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून रिपोर्ट लिहिला. लॅब हवी, हॉस्पिटल हवं, शास्त्र हवं हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, त्या काळी पैसे घेऊन डिग्री वाटणारी दुकानं कमी नव्हती. पण कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा सात कॉलेजं होती, त्यातली पाच चालवण्याच्या लायकीची नाहीत असा शेरा रिपोर्टमध्ये आला, आणि पुढच्या काही वर्षांत ती पाचही बंद पडली, हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोन उरली. ती गरीब होती म्हणून कमी पडत होती, त्यांना पैसा द्यावा असं कोणाला सुचलं नाही, आणि बाकीच्या कॉलेजांनी या मुलांना घ्यायलाच हवं असंही कोणी म्हटलं नाही. २०२० मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की ती पाच कॉलेजं चालू राहिली असती तर शंभरेक वर्षांत ३५ हजारांहून जास्त डॉक्टर तयार झाले असते. हे वाचून मला नुसतं वाईट नाही वाटत, राग येतो. कारण नंतर तेच लोक विचारतात की या समाजातून डॉक्टर का होत नाहीत, आवड नाही का, कुवत नाही का.

उलटंही होतं हे आपल्याला चांगलं माहितीये. १८५० मध्ये फिलाडेल्फियात फक्त बायकांसाठी मेडिकल कॉलेज निघालं, आणि ते निघालं म्हणून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तिथून डॉक्टर झाल्या, जपानहून केई ओकामी आल्या, सिरियातून सबात इस्लामबुली आल्या. जिद्द त्यांची होतीच, त्याबद्दल आपण भरभरून लिहितो, पण त्यांना घेणारं कॉलेज मुळात होतं याबद्दल फार कमी लिहितो.

आज बहुतेक ठिकाणी दार उघडपणे कोणी बंद करत नाही. आज ते पैशाने बंद होतं. अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्या मुलांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलं उत्पन्नाच्या वरच्या दोन गटांतल्या घरांतली असतात, म्हणजे लोकसंख्येच्या वरच्या ४० टक्क्यांतली, आणि हे चित्र तीस-एक वर्षांत फारसं हललेलं नाही. यात काही गूढ नाही. परीक्षेचे क्लास, परीक्षेची फी, वीस कॉलेजांचे अर्ज, इंटरव्ह्यूसाठी विमानाने जाणं, बिनपगारी रिसर्च, घरात कोणी डॉक्टर असेल तर त्यांच्या ओळखीने हॉस्पिटलात जाऊन बसायला मिळणं, या सगळ्याची बेरीज म्हणजे शेवटी तो बायोडाटा. ज्या पोराने कॉलेज करता करता रात्रीची नोकरी केली, आजारी आईचं बघितलं, दवाखान्यात घरच्यांसाठी दुभाषा म्हणून बोललं, त्याच्या बायोडाट्यात रकाने रिकामे. खरं तर डॉक्टरला लागतं ते याच्याकडे जास्त आहे, पण ते लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाही. मार्कांना किंमत नाही असं मला म्हणायचं नाही, शरीरशास्त्र, औषधांचे डोस, हे पक्कं यायलाच हवं, त्यात सूट नको. पण एका मर्यादेवरच्या सगळ्यांना ते येतंच, मग त्या मर्यादेवर दोन मार्क जास्त म्हणजे चांगला डॉक्टर हे कशावरून?

आता दुर्गम भागाचं. जगातल्या जवळपास प्रत्येक देशाची तक्रार सारखीच, डॉक्टर शहरात, पेशंट खेड्यात. बाँड लावा, पगार वाढवा, सक्ती करा, सगळं करून होतं. नॉर्वेने १९७० च्या दशकात पार उत्तरेला, ट्रोम्सोला, मेडिकलचं शिक्षण सुरू केलं आणि तिथल्याच मुलांना त्यात जागा ठेवल्या. पुढे हिशोब केला तेव्हा उत्तरेत वाढलेल्यांपैकी ८२ टक्के डॉक्टर उत्तरेतच राहिलेले दिसले, दक्षिणेकडून आलेल्यांपैकी ३८ टक्क्यांच्या आसपास. जपानने १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी काढली, ४७ च्या ४७ प्रांतांतून दरवर्षी दोन-तीन मुलं घेतात, फी प्रांत भरतो, बदल्यात डॉक्टर होऊन आपल्या प्रांतात ९ वर्षं काम करायचं. म्हणजे मूल मुळात कुठलं आहे हे बघून प्रवेश देणं ही दया नाही, ते मनुष्यबळाचं साधं नियोजन आहे. जो तिथला आहे त्याला तिथलं पाणी, तिथली बोली, तिथला हिवाळा अंगवळणी पडलेला असतो, त्याला तिथे ‘पोस्टिंग’ वाटत नाही.

पण नुसतं आत घेऊन भागत नाही, आणि इथे विविधतेच्या बाजूने बोलणारे आपण लोकसुद्धा लवकर समाधानी होतो असं मला वाटतं. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा बघा, तिथे बाहेरून आलेले आणि अल्पसंख्याक वंशांचे डॉक्टर प्रचंड संख्येने आहेत, त्यांच्याशिवाय ती सेवा एक दिवस चालायची नाही. तरी २०१९ च्या एका अहवालात हे मांडलं गेलं की हॉस्पिटलांकडून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाण्याचं प्रमाण या डॉक्टरांच्या बाबतीत गोऱ्या डॉक्टरांच्या दुपटीहून जास्त आहे. त्याची कारणं वाचली तर फार रोजची आहेत. चूक झाली की गोऱ्या ज्युनिअरला सिनिअर बाजूला घेऊन समजावतो, या दुसऱ्याला मात्र तोंडावर स्पष्ट सांगायला अवघडतो, आपण वंशभेदी ठरू की काय या भीतीने गप्प बसतो, आणि मग चूक साठत साठत एकदम कागदी तक्रार होऊन निघते. ज्याला वेळेवर रागावणारं कोणी नाही त्याचं शिक्षण अर्धंच होतं. रेसिडेन्सीत, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात, काम बघून शिकवणारा, केस हातात देणारा, ऑपरेशनला पुढे उभा करणारा सिनिअर कोणाला मिळतो यावर पुढचं सगळं करिअर उभं राहतं, आणि हे कुठल्याच कोट्याने ठरत नाही.

अपंग डॉक्टरांबद्दल तर कोणी बोलतच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका पाहणीत ८२ टक्के डॉक्टर म्हणाले की गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाचं जगणं इतरांपेक्षा कमी दर्जाचं असतं, आणि अशा पेशंटला बाकीच्यांइतकेच चांगले उपचार देऊ शकू असा पक्का विश्वास फक्त ४१ टक्क्यांना होता. वर्गात, वॉर्डात, शेजारच्या टेबलावर व्हीलचेअरवरचा एक सहकारी रोज असता तर हे ८२ राहिले असते का? मला नाही वाटत.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश बघायला बंदी केली. पुढच्याच वर्षी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या ११.६ टक्क्यांनी आणि लॅटिनो मुलांची १०.८ टक्क्यांनी घसरली. बरेच लोक म्हणाले, संपलं आता. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण कॅलिफोर्नियातलं डेव्हिसचं मेडिकल कॉलेज आहे. हे तेच कॉलेज जिथे १०० पैकी १६ सीट राखीव होत्या म्हणून केस झाली आणि १९७८ मध्ये कोर्टाने त्या राखीव सीट रद्द केल्या. कॅलिफोर्नियात तर सरकारी कॉलेजांना वंश बघायला १९९६ च्या कायद्यानेच बंदी झाली. मग या कॉलेजने प्रत्येक अर्जाला ० ते ९९ असा एक आकडा द्यायला सुरुवात केली, घरचं उत्पन्न किती, आई-वडील किती शिकलेले, शिकता शिकता घर चालवावं लागलं का, असं बघून. मार्क बघतातच, इंटरव्ह्यू घेतातच, पण हा आकडा त्यांच्या शेजारी ठेवतात. आज ते देशातल्या सगळ्यात मिश्र वर्ग असलेल्या कॉलेजांपैकी एक आहे.

हे कुठल्याही देशातल्या कुठल्याही कॉलेजला उद्यापासून करता येईल, त्याला कोर्ट आडवं येत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. अर्जाची फी माफ करा, इंटरव्ह्यू ऑनलाइन घ्या, निवड समितीत फक्त मोठे प्रोफेसर न बसवता नर्स, लहान दवाखान्यात काम करणारे डॉक्टर आणि पेशंटही बसवा, आणि दरवर्षी जाहीर करा की आपल्याकडे आलेली मुलं कुठल्या भागातली, किती उत्पन्नाच्या घरातली, त्यातली किती मध्येच सोडून गेली आणि का. मला विचाराल तर सगळ्यात आधी हा शेवटचा आकडा मागा. प्रवेशाच्या दिवसाचे फोटो प्रत्येक कॉलेज छापतं, सोडून गेलेल्यांची यादी मात्र कोणी छापत नाही.